आकडा सारखाच आला

अक्काचा फोन आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि मी चहाचा दुसरा कप हातात घेऊन पेपर चाळत होतो. "बाळू, दाजी गेलं," एवढंच ती म्हणाली, आणि मी खुळ्यासारखं विचारलं, "कुठं?" कारण माझे मेहुणे, म्हणजे अक्काचे यजमान, घरात सापडले असं कधी व्हायचंच नाही. मग ती म्हणाली, "रानातच. बांधावर बसल्यालं हुतं... तसंच बसल्यालं ऱ्हायलं." कोल्हापुरातून हातकणंगल्याच्या पुढचं त्यांचं गाव तासाभराच्या आतलं, पण त्या दिवशी तो रस्ता मला संपता संपेना. दीड महिना झाला त्याला. माणसं भेटायला येऊन गेली, दिवस-कार्य झालं, फोटोला हार पडला. माझ्या मनातलं जे सांगायचं होतं ते मात्र जागच्या जागी आहे, आणि ते ज्यानं ऐकायला हवं होतं तो माणूस राहिला नाही.

दाजी फौजेत होते. गावात त्यांना सगळे फौजीच म्हणत, नावानं हाक मारणारी पिढी कधीच सरली होती. नोकरीची शेवटची काही वर्षं त्यांनी लडाखात एका खोऱ्यात काढली. बाकीचे जवान तिथून शाली आणि थर्मास घेऊन घरी यायचे, दाजींनी दूध पावडरच्या डब्यात भरून माती आणली. शेतकऱ्याचा पोरगा, खांद्यावर बंदूक असली तरी नजर पायाखाली! पांढरट, भुरभुरीत, हातात घेतली तर बोटांच्या फटींतून गळून जाणारी वाळू होती ती. तिथल्या गोष्टी सांगायला लागले की त्यांना थांबवणं कठीण. पाऊस नावालासुद्धा नाही, वारा असा की डोळे उघडता येत नाहीत, हिवाळ्यात बादलीतलं पाणी दगड होतं, मातीत खार इतका की कडेला पांढरी रेघ दिसते. आणि त्याच मातीत तिथली माणसं डोंगरावरचं बर्फाचं पाणी पाटानं आणून जव पिकवतात, वाटाणा पिकवतात, जर्दाळूची झाडं लावतात. "पावणं, म्हातारी बाई आधी वाफ्यात पाणी सोडती, भरपूर. खार धुऊन खाली जातो. मग शेणखत, मग बी. माझ्या डोळ्यानं बघितलंय," ते मला सांगायचे. मला ते कायम पावणंच म्हणत, बायकोच्या भावाला म्हणतात तसं, आणि त्यात थोडी थट्टाही असायची.

डब्याच्या बुडाला त्यांनी खिळ्यानं भोकं पाडली होती. घरी आलेल्या कुणालाही ते डबा दाखवायचे आणि वरून तांब्याभर पाणी ओतायचे. पाणी वाळूत शिरून बघता बघता खालून गळायला लागायचं. मग दाजी समोरच्याकडं असं बघायचे, जणू ते खोरं त्यांनीच वसवलंय. अक्का करवादायची, "आता फरशी कोण पुसणार?" ती पुसायचीही तीच.

ते निवृत्त होऊन आले तेव्हा घरची दोन एकर काळी जमीन चोपण झाली होती. आमच्या भागात हे नवीन नाही. वर्षानुवर्षं ऊस, वर्षानुवर्षं पाटानं तुडुंब पाणी, आणि खालचा क्षार हळूहळू वर. उन्हाळ्यात त्या रानावर कुणी मीठ सांडून गेल्यासारखं दिसायचं, पावसाळ्यात पाय घातला की साबणासारखं निसटायचं. चांगली राहिली होती ती फक्त उताराकडची अर्ध्या एकराची पट्टी. ती अक्काची. तिथं तिची वांगी, गवार आणि हुरड्यापुरता शाळू असायचा. तिच्या पट्टीतल्या वांग्यांचं नाव आमच्या सगळ्या पाहुण्यांत होतं, आणि नवऱ्याच्या फौजेतल्या इतक्या वर्षांत ती पट्टीच तिचं माणूस होती.

मी त्या वेळी कोल्हापुरात एका माती परीक्षण केंद्रात कामाला होतो. पाहुण्यांत मला मातीचा डॉक्टर म्हणायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. एके दुपारी दाजी दोन पिशव्या घेऊन आले. एकीत डब्यातली वाळू, दुसरीत रानातली माती. रानातली माती अगदी रीतीप्रमाणे घेतलेली: दहा ठिकाणी खड्डे, सगळी माती गोणपाटावर एकत्र, तिचे चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेल्याचे परत चार, असं करत करत शेवटी अर्धा किलो. फौजी माणूस, शिस्तीत कसर नाही. मी दोन्हींचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा, काढला. वाळूचा साडेआठ, रानाचा आठ पूर्णांक सहा. दाजी माझ्या तोंडाकडं बघत उभे होते, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखे. बाहेर नमुन्यांची रांग होती, माझा जेवणाचा डबा खायचा राहिला होता, आणि त्यांना बरं वाटावं अशीही इच्छा होती. मी म्हणालो, "आकडा सारखाच आलाय की दाजी!"

"सारखाच? म्हंजे ततलं हितं चालतंय की!" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी हसलो. हसलो, आणि डबा उघडला. सामू म्हणजे माती नव्हे, हे मला शिकवलेलं होतं. वाळूतून पाणी निघून जातं आणि जाताना क्षार घेऊन जातं, आमची चोपण काळी पाण्यानं आणखी मिटते, पाणी धरून बसते, आणि ऊन पडलं की तोच क्षार पुन्हा वर. हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. सांगायचीही गरज नव्हती. दोन्ही मातींवर पेलाभर पाणी ओतलं असतं तर दाजींनी स्वतःच ओळखलं असतं. तो खेळ तर ते घरी रोज करत होते.

त्या उन्हाळ्यात त्यांनी रानात पाणी सोडलं. त्या म्हातारीसारखं, भरपूर, मोटर चार दिवस चालू. पाणी खाली गेलंच नाही. ते तळ्यासारखं साचून राहिलं आणि मग उताराकडं झिरपलं. पुढच्या शिमग्याला अक्काच्या पट्टीवर पहिली पांढरी रेघ दिसली. त्याच्या पुढच्या वर्षी वांग्याची रोपं वीतभर होऊन करपली. अक्कानं ती उपटून बांधावर टाकली. दाजी माझ्या घरी येऊन, जिन्यावरच उभं राहून म्हणाले, "पावणं, तुमच्या भनीचं रान मी मारलं." मी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं, आणि कुठल्याशा परक्याची गोष्ट सांगावी तसं सांगितलं की वाळूचं वेगळं असतं दाजी, काळीचं वेगळं. ते मान हलवत राहिले. "व्हय. मला अडाण्याला कळाय पायजे हुतं," म्हणाले. तिथं मी बोलायला हवं होतं... बोललो नाही. मातीच्या डॉक्टरची अब्रू मला त्यांच्या झोपेपेक्षा मोठी वाटली.

त्या दिवसापासून दाजींनी वांगं खाल्लं नाही. लग्नाच्या पंगतीत नाही, घरी नाही. बाजारातनं आणू का म्हटलं तर म्हणायचे, "घरची मारली, आता इकतची कशाला?" पुढं त्यांनी सगळं करून बघितलं. जिप्सम टाकलं, हिरवळीच्या खताला धैंचा पेरून गाडला, स्वतः कुदळ घेऊन चर खणले. पण चरातलं खारं पाणी ओढ्यापर्यंत न्यायला खालच्या रानातून वाट हवी होती आणि ती कुणी दिली नाही. त्यांचंही चूक म्हणता येत नाही, आपल्या रानात दुसऱ्याचा खार कोण घेईल? एका वर्षी त्यांनी तिकडच्या जर्दाळूच्या बिया त्याच वाळूत रुजवायला घातल्या आणि डबा तीन महिने फ्रीजमध्ये ठेवला, कारण त्या बियांना आधी हिवाळा लागतो म्हणे. अक्का विचारायची, "दूध कुठं ठिवू, डोंबलावर?" दोन बिया रुजल्या. दाजींनी त्या पट्टीच्या कडेला लावल्या. एप्रिलात गेल्या. तरी दरवर्षी अक्षय्य तृतीया झाली की ते पट्टीतला नमुना घेऊन यायचे, तसाच चार-चार भाग करत काढलेला, आणि मी आकडा सांगायचो. नऊ. नऊ पूर्णांक एक. कधी आठ पूर्णांक नऊ. ते "बरं" म्हणायचे आणि चहा न घेता एसटीला जायचे. मी निवृत्त झाल्यावरही त्यांनी हे मोडलं नाही, मग मी नमुना जुन्या सहकाऱ्यांकडून तपासून आणायचो. सुधारणार नाही हे आम्हा दोघांनाही कळलं होतं, असं मला आता वाटतं.

गेल्या रविवारी अक्काकडं गेलो. तिनं जेवायला वाढलं आणि ताटात भरलं वांगं होतं. बाजारचं. "सोळा-सतरा वरसं झाली, केलंच न्हवतं. त्येंच्यासमोर कसं करायचं?" म्हणाली. माझ्याच्यानं घास उचलेना. मी तिला सगळं सांगितलं... दोन पिशव्या, आकडा, पाठीवरची थाप, माझा डबा. ती हातातला चमचा धरून ऐकत राहिली. मला वाटलं रडेल, नाहीतर उठून जाईल. यातलं काहीच झालं नाही.

"बाळू, रानाचं सोड," ती म्हणाली. "रान जायचंच हुतं. पर ह्ये त्येंना सांगितलं असतंस, तर दोन घास खाल्लं असतं की त्येंनी."

निघताना तिनं तो डबा माझ्या हातात दिला. मी येताना पट्टीतली ओंजळभर माती रुमालात बांधून आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मातीसाठी तसाच एक डबा शोधला, बुडाला भोकं पाडली, आणि दोन्ही डबे गॅलरीत विटांवर शेजारी शेजारी ठेवून एकेक पेला पाणी ओतलं. दाजींच्या वाळूतलं पाणी मी पेला खाली ठेवेपर्यंत गळायला लागलं होतं. दुसऱ्या डब्यातलं पाणी वर तसंच उभं होतं. मी खुर्ची घेऊन तिथंच बसलो. संध्याकाळी दिवा लावायची वेळ झाली तरी त्यातला एक थेंबही खाली आला नव्हता.