पांढरा पडलेला ग्लास

निंबार्ते सर आमच्या आंधळगावच्या घरी पहिल्यांदा आले ते लेकीच्या लग्नासाठी कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी घ्यायला, आणि साडी न घेताच गेले. ते भंडाऱ्याला रसायनशास्त्राचे प्राध्यापक आहेत, हेही आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते.

माझा थोरला भाऊ दामूदादा विणकर; तो तेव्हा साडीवरचे गंजाचे डाग काढत बसला होता. सरांची नजर साडीवरून त्याच्याजवळच्या काचेच्या ग्लासवर गेली.

"भाऊ, हा गिलास असा पांढरा काहून झाला?"

"काय मालूम जी. डागाची पूड त्यातच घोयतो."

"बोटं दुखून राहिली का?"

"नाही जी. पांढरी पडली, पण दुखत नाही."

"दुखत नाही, हेच वाईट. उठा."

सरांनी त्याचे हात बराच वेळ पाण्याच्या धारेखाली धरले आणि स्कूटरवर बसवून त्याला दवाखान्यात नेले. पुडीचे नाव डॉक्टरांना त्यांनीच सांगितले: अमोनियम बायफ्लोराइड. कॅल्शियमचा लेप झाला, इंजेक्शने झाली. हात वाचला, दोन बोटांची टोके मात्र कापावी लागली. दादा पुन्हा मागावर बसला, पण त्याच्या हातचा साडीचा बारीक काठ गेला तो गेलाच. अजूनही माझा जीव तुटतो.

पुढे मी सरांची विद्यार्थिनी झाले, मग त्यांच्याच विभागात शिकवू लागले. हा क्षार शिकवताना सर आमच्या घरून नेलेला तोच ग्लास टेबलावर ठेवत. हायड्रोफ्लोरिक आम्लात अमोनिया सोडला की हे पांढरे स्फटिक मिळतात. ते काच खातात, म्हणून प्लास्टिकच्याच डब्यात ठेवायचे. काच धूसर करायला, धातू उजळायला, गंज काढायला ते उपयोगी पडतात. आणि सुरुवातीला जराही न दुखवता कातडीतून आत शिरून हाडातल्या कॅल्शियमलाही धरतात. कृती सर फळ्यावर लिहीत, प्रयोगशाळेत मात्र करू देत नसत. कोणी हट्ट धरला की फार चिडत. सुटीच्या दिवशी तोच ग्लास पिशवीत घालून, ही पूड वापरू नका असे सांगत, ते विणकरांच्या घरोघरी फिरले. काहींनी त्यांना दारातूनच वाटेला लावले, तरी ते पुन्हा जात राहिले.

यंदा सरांची पंचाहत्तरी. मागच्या महिन्यात मी आणि दादा त्यांना भेटायला गेलो, तर सर खुर्चीत घामाने निथळत बसलेले, चेहरा राखेसारखा.

"काही दुखत नाही," ते म्हणाले.

दादाने तोकड्या बोटांनी त्यांचा दंड धरला. "सर, तुमीच म्हटलं होतं ना, दुखत नाही हेच वाईट. उठा आता."

दवाखान्यात नेल्यावर कळले, हृदयविकाराचा झटका होता. सर आता घरी आले आहेत, पण फार थकले आहेत, आणि आम्ही घाबरलो आहोत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि सर, काही दुखत नाही असे तुम्ही कितीही सांगितले, तरी आम्ही येणारच.