डॉक्टर अचानक इंग्रजीत बोलू लागले

इंग्रजीत कोणी मरतच नाही.

तिथं माणसं पास अवे होतात. नो मोअर होतात. ‘वुई लॉस्ट हिम’ म्हणतात, जणू आठवडी बाजारात हात सुटला.

आमचा हमीद मात्र मेला. आज वर्ष झालं.

हमीद नेर गावात एसटी स्टँडच्या मागं इंग्रजीची शिकवणी घ्यायचा. मी गावोगाव भाषणं करत हिंडणारा. शाळेपासूनची दोस्ती.

त्याची शिकवायची रीत अशी, की मोबाईलवर आलेलं एखादं गोड इंग्रजी वाक्य फळ्यावर लिहायचं आणि पोरांना विचारायचं, “सांगा, यात कोण लपून बसलं हाय?”

एकदा लिहिलं, वुई हॅड टू लेट हिम गो.

पोरं म्हणाली, त्याला जाऊ दिलं.

“जाऊ देलं? त्यानं काय सुट्टी मागतली होती? नोकरीवरून काढलं त्याले! अन् काढणारा पाहा कसा, दरवाजा धरून उभा हाय बिचारा!”

त्याच्या पुतण्यानं, इरफाननं, आपल्या गॅरेजवर पाटी लावली, ‘प्री-ओन्ड बाइक्स’. हमीद भर रस्त्यात ओरडला, “जुन्या म्हणायले लाज वाटून राह्यली काय रे?”

“चाचा, जुनी बोला तो गिऱ्हाईक चेन देखता. प्री-ओन्ड बोला तो चाय पीता.”

संशय घ्यायची ही सवय मलाही त्यानंच लावली. समोरचा फार सभ्य इंग्रजी बोलू लागला की माझा हात आपोआप खिशाकडे जातो.

मग हमीदच्या पोटात गाठ निघाली. यवतमाळला दवाखान्यात भरती केलं. त्याची बायको शबाना भाभी, इरफान आणि मी खाटेजवळ उभे होतो. डॉक्टर राउंडला आले. चांगलं मराठी बोलत होते.

लघवी झाली का, ते मराठीत.
पेज कधी द्यायची, ते मराठीत.
एक्स-रे कुठं काढायचा, तेही मराठीत.

रिपोर्ट पाहिला आणि साहेब एकदम इंग्रजीत शिरले.

माझे कान उभे राहिले.

आपल्याकडची ही रीतच आहे. पेशंटसमोर वाईट बोलायचं नाही. बोलावंच लागलं तर इंग्रजीत, म्हणजे त्याला कळत नाही. रोग त्याचा, शरीर त्याचं, मरण त्याचं, आणि बातमी मात्र बाकी सगळ्यांना!

“ॲट धिस स्टेज वुई शुड फोकस ऑन कीपिंग हिम कम्फर्टेबल. ही कॅन स्टे हिअर.”

इरफाननं चाचाकडे पाठ केली, आवाज बारीक केला. “यस सर. बट नो टेल पेशंट.”

खाटेवरून आवाज आला, “डोन्ट टेल द पेशंट, इरफान. कितनी बार सिखाया.”



अर्ध्या नेरला इंग्रजी शिकवणाऱ्या माणसापासून आम्ही इंग्रजीत मरण लपवत होतो.

“डॉक्टर,” हमीद म्हणाला, “कम्फर्टेबल कोणाले ठेवून राह्यले? मले का तुमाले? सीधं सांगा. मी वाचतो काय?”

डॉक्टर तरुण होते. त्यांनी स्टूल ओढलं, बसले. “नाही सर,” म्हणाले. मराठीत.

“मंग मले घरी जाऊ द्या.”

भाभी रडू लागल्या. “यहाँ मशीनाँ हैं. घर पे क्या है जी?”

“घर पे अम्मी है.”

त्याच संध्याकाळी ॲम्ब्युलन्सनं त्याला नेरला आणलं. ऐंशी पार केलेल्या अम्मी दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. “डॉक्टर क्या बोला बेटा?”

“पहले से अच्छा हूँ, अम्मी. छुट्टी दे दी.”

मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. असली वाक्यं जन्मभर फळ्यावर सोलणारा माणूस हा!

अम्मी आत गेल्यावर म्हणालो, “काहून रे, खरं ऐकायचा हक्क एकट्या पेशंटलेच असते काय?”

“तिले रातच्याले झोप लागली पाहिजे. तू भाषण नको ठोकू आता.”

मला ते पटलं नाही. पुष्कळ दिवस पटलं नाही. मऊ शब्द म्हणजे लबाडी, मग तो डॉक्टरचा असो की दोस्ताचा, असंच मी म्हणत राहिलो.

काही दिवसांनी हमीद घरीच मेला. उशाशी अम्मी बसलेल्या होत्या.

आज त्यांना भेटून आलो. न राहवून विचारलं, “अम्मी, तो ‘अच्छा हूँ’ म्हणाला, ते तुम्हाला खरं वाटलं होतं?”

त्या सुपारी कातरत होत्या. हात थांबला नाही.

“ॲम्ब्युलन्स में लिटा के छुट्टी देते क्या किसी को? माँ हूँ मैं उसकी. लेकिन वो अच्छा बोला, तो मैं भी सेवइयाँ बनाई. खाया वो. प्लेट में कुछ नहीं छोड़ा.”

हमीद, दोस्ता, तुला मनापासून सलाम.