मी लेक हाय की

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात एका सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर होतो. सोबत नातेवाईक असल्याशिवाय भरती नाही, असा नियम. एकटं आलेलं म्हातारं माणूस माझ्यापुढं अडलं, की फाटकातली भाजीवाली पाटी तशीच टाकून यायची. "मी लेक हाय की ह्येंची!" असं ओरडून अंगठा उठवायची. एका बाईला इतके बाप कसे, हे मी कधी विचारलं नाही.

एकदा तिनं भरती केलेले गडमुडशिंगीचे एक आजोबा वारले. त्यानंतर फाटकातली तिची जागा रिकामीच. चौथ्या दिवशी ती डोक्यावरून न्हाऊन आली.

"मावशी, गावाला गेलता काय?"

"न्हाय. सुतक हुतं," ती मेथीच्या पेंड्या मांडत म्हणाली. "लगीन झालेल्या लेकीला तीनच दिवस असतंय."