बारीक दाताची कानस

आप्पांना काचबिंदू आहे, नजर झपाट्याने चालली आहे आणि गेलेली परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. वडिलांना दिसतंय तोवर त्यांचं इंजिन त्यांना दाखवायचं, असं मी त्याच दिवशी ठरवलं. मुठा गावात आमची पिठाची गिरणी होती, ऑइल इंजिनावर चालणारी. वीज आल्यावर ते हिरवं इंजिन भंगारात गेलं, आणि आप्पा गेलेल्या भावाची काढावी तशी त्याची आठवण काढत राहिले.

मी पुण्याजवळ चांदे गावाकडे उठणाऱ्या टॉवरांची मॉडेलं बनवते, बिल्डरांच्या ऑफिसात काचेखाली ठेवतात ती. सगळं काम फोमबोर्ड आणि प्लास्टिकचं. हात बसला होता, आणि हात बसला की माणसाला माज येतो. तळहातावर मावेल एवढं इंजिन पितळेत करायला घेतलं. त्याच्या चाकाला सहा आरे. त्यांच्यामधल्या फटी घासायला सुईएवढी कानस हवी, म्हणून पौडला हार्डवेअरवाल्या चाचांकडे गेले.

मी जाड दाताची उचलली. प्लास्टिकचा भुगा बारीक दातांत अडकून बसतो, म्हणून आम्ही मॉडेलवाले जाडच घेतो.

"पितळंला ही नको ताई, लई खाती," चाचा म्हणाले. "बारीक दाताची घ्या."

"रोज हेच काम करते मी, चाचा."

दीडशहाणी! चौथ्या आऱ्यावर कानस घसरली आणि अर्धा आरा खाऊन गेली. पंधरा दिवसांचं काम एका झटक्यात मातीत. मी टेबलावर डोकं टेकून रडले.

खाली मान घालून पुन्हा पौडला गेले. चाचा टोचून बोलले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी एक बारीक कानस माझ्या अंगठ्याच्या नखावरून हलकेच फिरवली. "ओरखडा उठला तर ठिवून द्यायची. नुसती पांढरी धूळ आली, तर ती तुमची." धूळ आली, पण ती कानस चपटी होती. मला हवी ती अर्धगोल पुण्यातही मिळेना; बाहेरून यायला आठ दिवस लागणार होते.

ते आठ दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. रोज सकाळी आप्पांसमोर बोटं धरायची. "किती?" आधी ते बरोबर सांगायचे. मग अंदाजाने सांगू लागले. मग एके दिवशी म्हणाले, "पुरं कर की गं, ल्हान हाय का मी?" मला देवाचा राग येत होता, डॉक्टरांचा येत होता, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा.

कानस आली. नवं चाक अगदी सुबक उतरलं, पण तोवर आप्पा चहाचा कप चाचपडत शोधू लागले होते. हिरव्या रंगाची डबी आणून ठेवली होती. ती मी उघडलीच नाही. कोणासाठी उघडायची?

इंजिन तसंच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चाक फिरवलं, एकेक आरा बोटाने मोजला. मग इंजिन डोळ्यांजवळ नेलं आणि खिडकीच्या उजेडाकडे तोंड केलं.

"झ्याक जमलंय," ते म्हणाले. "हिरवा तर आगदी तसाच आलाय बघ."

त्यांच्या हातात नुसतं पिवळं पितळ होतं.

"व्हय आप्पा," मी म्हटलं. "तोच मिळाला."