कांदेपोहे आणि खिडकीतला झरा

आमच्या घरात झरा वाहतो, असा समज एकदा पेणमध्ये आमच्या आळीत पसरला होता. तो मीच पसरवला होता.

आमच्या लेकीला, मंजिरीला बघायला रोह्याची मंडळी यायची होती. मुलगा तिला आधीच पसंत होता (हे मला सगळ्यांत शेवटी कळलं, रीतीप्रमाणे). अडलं होतं ते फक्त मुलाच्या वडिलांच्या होकारावर. आणि आमच्या भिंतीला लागून गणपतीचा कारखाना! सण महिन्यावर आलेला, त्यामुळे रंग फवारायचा कॉम्प्रेसर दिवसभर घरघरत होता. तासभर बंद ठेवा, असं कारखान्याच्या दिनूशेठना सांगता आलं असतं. पण याच आवाजावरून आठवड्यापूर्वी मी त्यांच्याशी कडाकडा भांडलो होतो. आता त्यांच्याच दारात विनवणी करायला जायचं? छे!

"आवाजावर उतारा आवाजाचाच," असं बायकोला सांगून मी मोबाइलवर झुळझुळ झरा शोधला आणि स्पीकर खिडकीत ठेवला. पाहुण्यांची गाडी वडखळला अडकली होती, तेवढ्यात आवाज पूर्ण वाढवूनही झाला.

पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी पोह्यांचे दोन घास खाल्ले आणि बाथरूम कुठे आहे ते विचारलं. परत आले, जरा वेळ झरा ऐकला, पुन्हा उठले. तिसऱ्या खेपेला बायकोने त्यांची खुर्चीच बाथरूमच्या दाराशी नेऊन ठेवली.

इतक्यात शेजारच्या कमळाकाकू कळशी घेऊन दारात उभ्या, मागे आणखी तिघी. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड येतं, तेही पहाटे.

"भाऊ, तुमच्याकडं दुपारचं पानी येतं आन् आमाला सांगत नाय व्हय?"

मी मोबाइल दाखवला. त्यांचा विश्वास बसेना. त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या आणि एकेक नळ सोडून बघू लागल्या. इकडे कॉम्प्रेसर, झरा आणि कळश्या या सगळ्यांच्या वरताण मी मंजिरीचे गुण सांगत होतो. शेवटी तिनेच उठून झरा बंद केला.

मुलाच्या वडिलांनी सुस्कारा सोडला. "बरं केलंस गो पोरी. सकाळी बीपीची गोळी घेतलेली, तिनं आधीच सारखं जावं लागतं, त्यात ह्ये पानी! तो कॉम्प्रेसर चालू दे. तीस वर्षं कंपनीत शिफ्टा केल्या, आता घरी बसून तोच आवाज नाय म्हनून झोप लागत नाय."

मला हायसं वाटलं. इतकं, की माझा चढलेला आवाज खाली आणायचं राहूनच गेलं.

दोन दिवसांनी निरोप आला. मुलगी पसंत, घर पसंत, शेजार तर फारच पसंत. फक्त मुलीच्या वडिलांच्या आवाजाचं काही करता येईल का?

बायकोने केलं. लग्नात सनईवाल्याला तिने माझ्या खुर्चीला खेटून बसवलं आणि मी तोंड उघडलं की वाजवायचं, असं बजावून ठेवलं. बिचारा दिवसभरात पाणी प्यायलाही थांबला नाही.