कानाचा तांब्या अन् काजळाची तीट

आमच्या गावच्या पोरीईच्या शाळेत चित्रकला म्हणजे एक तांब्या. बस. भिंतीवर एक तक्ता टांगलेला, वरून सरकारातून आलेला, त्याच्यावर हा तांब्या, अन् त्याले एका बाजूनं कान, म्हणजे धरायची मूठ. असा तांब्या आमच्या गावात कोणाच्याच घरी नव्हता, सुलतानपूरच्या बाजारात भांडेवाल्याकडं बी नव्हता, मी सोता पाह्यलं. पण गुरुजी म्हणत, हाच काढायचा. पह्यलीच्या पोरीनं हाच, चौथीच्या पोरीनं बी हाच, आज हाच अन् उद्या बी हाच. मधात उभी रेघ, रेघेच्या इकडं जितकं पोट तितकंच तिकडं, अन् गुरुजी पाटीवर रूळ ठेवून मोजत, अन् एखाद्या पोरीच्या तांब्याचं पोट जवाच्या दाण्याइतकं बी सुटलं का तोच रूळ तिच्या बोटावर.

पोरी मले हळूच म्हणत, "वयनी, ह्या तांब्याले एकच कान हाये, म्हणून यानं गुरुजीचं सारं ऐकलं नसन."

मी हासू दाबायची. मले हासाची सोय नव्हती, मी त तिथं भेवातच उभी राहायची.

मी तिथं कशी आली ते सांगते. गुरुजी एकटेच, शाळा एक खोली अन् एक ओटा, अन् पोरी सोळा. चौथीत चार. डिप्टी साहेब तपासणीले येणार होते अन् चौथीत पाच पोरी नसल्या त वर्ग बंद, असा काही कायदा. गुरुजी एका सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले अन् मामाजीले, म्हणजे माह्या सासऱ्याले म्हणे, "तुमची सून देऊळगाव राजाकडची, तिसरी पास हाये. तिचं नाव चौथीत टाकतो. अन् दारात रांगोळ्या बऱ्या काढते, त दुपारचा चित्रकलेचा तास बी तिच्याकडं देतो. साहेब येईपर्यंत."

दुपारचा तास काऊन, ते पह्यल्याच दिवशी समजलं. गुरुजी दुपारी टेबलावर डोकं ठेवून झोपत.

मामाजी गुरुजीचा मान राखत, हो म्हणाले. मंग मी दाराच्या आडून, जीव मुठीत धरून, इचारलं, "मंग साहेब गेल्यावर मले खरंच चौथीले बसू देसान का?" माह्याच तोंडातून निघालं यावर माहाच इश्वास बसला नाही. गुरुजी म्हणे, "शेरा चांगला आला त बसवतो. खराब आला त आपलं घरी राह्य."

तेवढ्यावर मी धरून बसली. चौथी पास बाईले पुढं मास्तरणीचं शिकता येते, हे मले माहेरीच ठाऊक होतं. घरधनी शेगावले सरकी काढाच्या जिनात कामाले, महिन्यातून एकदा येत, खोकलत येत, कापसाची भुकनी छातीत बसलेली. मले एकच भेव. उद्या काही झालं त माह्या पोरीनं कोणाच्या दारात उभं राहू नये.

पोरगी तवा चार महिन्याची, कडेवर. तिच्या आधीचं एक लेकरू सव्वा महिन्याचं होऊन गेलं होतं. गोरं होतं, लय देखनं, जो तो पाहून जाय, अन् त्या दिवशी मी तीट लावाले इसरली होती. कोणी काही म्हणो, माह्या मनात तेच हाये. म्हणून ह्या पोरीले मी दिवसातून चारदा काजळाची तीट लावायची, गालावर, तळपायाले, कपाळाच्या कडेले, अन् काजळाची डबी कायम कमरेले खोसलेली. आत्याबाई, माह्या सासूबाई, म्हणत, "पोरीच्या जातीले कायची नजर लागते व? कोणाले पायजे ते?" म्हणू दे म्हणा. त्याईले नव्हती पायजे, मले होती.

त मी शिकवाले लागली. शिकवाले म्हणजे काय, मले तरी काय येत होतं? पण तांब्या शिकवणं माह्यानं होईना. मी पोरीईले ओट्यावर नेलं, राख पसरवली अन् म्हटलं, "तुमच्या मायच्या लुगड्याचा काठ कसा हाये, तो काढा."

साऱ्या एकमेकीकडं पाहू लागल्या. रोज त्याच लुगड्याले लोंबकळतात, त्यालेच नाक पुसतात, पण काठ कोणीच पाह्यला नव्हता. दुसऱ्या दिवशी पाहून आल्या. कोणाच्या मायचा रुईफुलाचा, कोणाच्या मायचा नुसता तीन रेघाचा, अन् एक पोरगी म्हणे, "माह्या मायच्या लुगड्याचा काठ फाटला, त मी मधात भोक काढू का?" म्हटलं, काढ. तिनं भोक बी इतकं नेमकं काढलं का पाहातच राहावं.

रंग कुठून आणावे? गेरू घरचाच, हळद घरची, नीळ धुण्याची, अन् काडीले कापूस गुंडाळला का झाला कुंचला. गुरुजी आत घोरून राह्यले अन् आम्ही बाहेर हात रंगवून राह्यलो, रोज.

मंग सरकारातून सोळा कागद आले, साहेबाले दाखवासाठी. गुरुजीनं हुकूम दिला, सोळा कागदावर सोळा तांबे, सारे एकसारखे. फळ्यावर सोता एक काढून ठेवला, खडूनं, रूळ लावून, अन् वर लिहिलं 'नमुना'. म्हटलं बरं. पोरीईनं मधात तांब्या काढला, हुकमापुरता, लहानसा, अन् त्याच्या चारी बाजूनं आपापल्या मायचा काठ फिरवला.

तिथंच माह्या हातून ते झालं. कुंभाराची पोरगी, आठेक वर्साची, तिनं रुईफुलाचा काठ असा काढला, कोपऱ्यात फूल असं वळवलं, का पाहून मले भेवच वाटलं. इतकं चांगलं चांगलं नसते. माहा हात आपोआप कमरेच्या डबीवर गेला, अन् काजळाचं बोट मी त्या कागदाच्या कोपऱ्यात टेकवलं. इचार काहीच केला नाही. लेकराले लावतो तसं लावलं.

"वयनी, हे काऊन?"

"चांगलं झालं व. नजर नको लागाले."

झालं. त्याच्यानंतर साऱ्या मांगं लागल्या. "वयनी, माह्यावाल्याले लावा नं." "वयनी, माह्यावालं पाहा." पण मी काही सरसकट नाही लावली. एकीले म्हटलं, "तुह्या रुईच्या फुलाले तीनच पाकळ्या, त्याले कोण नजर लावते?" ती रडली, मंग घरामांगं जाऊन रुईचं झुडूप पाहून आली, पाच पाकळ्या काढल्या, अन् तीट घेऊनच बसली. साहेब येण्याच्या आदल्या दिवशी सोळापैकी अकरा कागदाले तीट होती. गुरुजीनं एक बी कागद पाह्यला नव्हता. झोप पुरत नव्हती त्याईची.

सकाळी साहेबाची बैलाची दमणी शिवारातून येताना दिसली अन् गुरुजी टोपी सारखी करत कागद लावाले धावले. तवा पाह्यलं त्याईनं. "हे काय केलं? काठ कायचे? तांब्या कुठं गेला?" पण दमणी दारात आली, अन् गुरुजीचं तोंड लगेच गोड झालं, मी असं तोंड कोणाचं पाह्यलं नाही, दुधात गूळ टाकावा तसं.

मी दाराच्या आड पोरीले पाजत बसली. फटीतून सारं दिसे.

साहेब पुण्याकडचे, बोलणं साफ. कागदाजवळ थांबले, वाकून पाह्यलं, पुढच्यावर गेले, परत मांगं आले. म्हणे, "हे छान आहे. खरंच छान आहे. हे कोणी शिकवलं?"

अन् गुरुजी म्हणे, "मीच, साहेब. माझ्याच देखरेखीत."

असं बिनदिक्कत. माह्या मनात आलं, पोरीले खाली ठेवावं अन् बाहेर जाऊन सांगावं. पण मी काही गेली नाही. मी मनातल्या मनात लय बोलते.

साहेबानं चष्मा लावला. "पण गुरुजी, या कागदांवर डाग का? इथं, इथं, इथंही."

गुरुजीनं आता पाह्यलं. कानापर्यंत लाल झाले. "मळक्या हाताच्या पोरी हायेत, साहेब. किती सांगतलं तरी ऐकत नाही."

कुंभाराची पोरगी उठून उभी राह्यली. कोणी म्हटलं नव्हतं उठाले. "डाग नोय साहेब, तीट हाये."

"तीट?"

"नजर लागू नये म्हणून. जे चांगलं झालं त्यालेच लावली."

साहेबानं परत एक एक कागद पाह्यला, तीट असलेले अन् नसलेले, अन् मले वाटते त्याईले ते पटलं, कारण त्याईची मान हलली. मंग फळ्याकडं बोट केलं, गुरुजीच्या नमुन्याकडं. "आणि या तांब्याला नाही लावली?"

पोरगी म्हणे, "त्याले कायले? त्याच्याकडं कोण पाहाते?"

पोरी हासल्या. साहेब बी हासले, रुमाल तोंडाले लावून. गुरुजी बी हासले, दात दाखवून, अन् त्या हासण्यात माह्या चौथीचं काय होणार ते मले साफ दिसलं.

मंग साहेबानं रजिस्टर मागतलं, ते मध्यप्रांत-वऱ्हाड असा शिक्का असलेलं, अन् चौथीची हजेरी घेतली. चार नावं झाली, चार पोरी हजर. पाचवं माहं. मी आड. पोरगी अंगावर. गुरुजीनं दाराकडं असं पाह्यलं का जसे काही देवालेच बोलावून राह्यले. मी पदर सारखा केला, पोरीले कडेवर घेतलं, उंबऱ्यात आली अन् म्हटलं, "हजर." अन् पोरीनं तवाच ढेकर दिला, मोठा.

साहेब माह्याकडं पाहात राह्यले. "ह्या बाई विद्यार्थिनी?"

"हो साहेब," गुरुजी म्हणे. "रोज येते. खंड म्हणून नाही."

"नक्की?"

"नक्की, साहेब. शिकतेच."

साहेबाले बी काय, पाचाचा आकडा पायजे होता. पाच लिहिले, खाली सही ठोकली. मंग शेऱ्याच्या वहीत लिहिलं, अन् दमणी गेली.

गुरुजीनं वही उघडली. मोठ्यानं वाचाले सुरवात केली, म्हणजे शेरा चांगला असन अशी त्याईची खात्री होती, अन् मधातच आवाज बसला. लिहिलं होतं, कागदांवर काजळाचे डाग आढळले, चित्रकला शिकवणाऱ्या शिक्षकाने स्वच्छतेकडे लक्ष द्यावे. इतकं हासला तो माणूस, इतकं पाह्यलं, अन् वहीत आले ते डागच. साहेबाईच्या दौतीत दुसरी शाईच नसते वाटते.

गुरुजीनं वही आपटली. "उद्यापासून येऊ नको. शेरा खराब आला. आपलं ठरलं होतं."

पोरी पाहात होत्या. मी म्हटलं, "गुरुजी, चित्रकला शिकवणारे त तुम्ही. साहेबाले तुम्हीच सांगतलं. मी त शिकते. रोज येते, खंड नाही."

"तोंड लय चालाले लागलं तुहं."

"माहं नाव कापता का मंग? खाली साहेबाची सही हाये. चार झाल्या त वर्ग बंद होईन म्हणत होते तुम्ही."

गुरुजीनं रजिस्टर उचललं, कपाटात ठेवलं अन् कुलूप लावलं. कपाटाले कुलूप लावून तोंड बंद होते माणसाचं, हे मले त्या दिवशी समजलं.

घरी आत्याबाई म्हणे, "गेला नं साहेब? मंग उद्या कायले जातं?" मी मामाजीच्या कानावर जाईन असं म्हटलं, "सरकारी रजिस्टरात नाव गेलं, सही झाली. नाही गेली त सरकार इचारन, चौथीची पाचवी पोरगी कुठं हाये म्हणून." मामाजी सुनेले भेत नाही, पण सरकार म्हटलं का पाणी मागतात. म्हणे, "जाऊ दे तिले."

त मी गेली, वर्सभर. पोरगी ओट्यावर रांगली, ओट्यावरच उभी राह्यली. दुपारचा तास गुरुजीनं मले परत दिला नाही. सोता घेत, अन् तांब्या काढून घेत, अन् पोरी तांब्या काढून गुरुजीचे डोळे मिटले का पाटी पुसून काठ काढत. मी चौथीच्या रांगेत, शेवटी, लेकरू मांडीवर घेऊन बसायची.

परीक्षेले चित्रकलेत तोच तांब्या आला. मी काढला, कान बी काढला, पण पोट एका बाजूनं सुटलं, अन् गुरुजीनं रूळ लावून मोजलं अन् साऱ्या वर्गात सगळ्यात कमी मार्क मले दिले. देऊ दे. बाकी साऱ्यात पास झाली.

सर्टिफिकेट पेटीत ठेवताना मन राहेना, हात डबीवर गेलाच. पण कागद सरकारी, अन् साहेबाले डाग चालत नाही. मंग मी तो कागद पालथा केला, अन् मांगच्या बाजूनं, कोपऱ्यात, लावली.