पिन्याची एक ओळ

पिन्या स्वतःच्या विनोदाला कधी हसला नाही. एक ओळ टाकायची आणि लगेच मान खाली घालून मोबाईलमध्ये शिरायचं, ती ओळ दुसऱ्याच कुणाची असावी तसं. आमचं कॅन्टीनचं टेबल पोट धरून हसत असायचं आणि हा समोशाचा कोपरा मोडत बसलेला. ज्यांच्या वर्गात असा एखादा होता, त्यांना मी काय सांगतेय ते कळेल. त्याचं खरं नाव फक्त हजेरीत ऐकू यायचं. बोलता बोलता कुणालाही पिन मारायची सवय, म्हणून पहिल्याच वर्षी तो पिन्या झाला आणि इंटरनेटवरही त्याने तेच नाव घेतलं.

ओळ एकच, हा त्याचा नियम. "दोन ओळी लिवल्या की मानूस समजवायला लागतो," असं तो म्हणायचा, "आनि समजवायला लागला का हसू गेलं." मी पडले अर्धं पान लिहिणारी. ग्रुपवरच्या माझ्या लांबलचक मेसेजना तो निबंध म्हणायचा आणि खाली दहापैकी गुण द्यायचा. चारच्या वर कधी गेला नाही मेला.

पनवेल-उरणकडच्या गमतीजमती टाकणारं एक पेज होतं, अजूनही आहे. खड्डे, ट्रॅफिक, क्रिकेटच्या टूर्नामेंट, हळदीतले नाच, असं सगळं तिथे यायचं. पिन्याचं खरं घर ते. आमच्या सुकापूरच्या रस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्याचा फोटो आला तेव्हा लोक तावातावाने भांडत होते. पिन्याने लिहिलं, "इथून मोरा बंदराला जायची लाँच किती वाजता?" भांडण तिथेच विरघळलं. एका बिल्डरची जाहिरात होती, निसर्गाच्या कुशीत टू बीएचके. त्याखाली पिन्याची ओळ : "निसर्ग माझ्या काकाचा होता, विकला." मी खूप हसले. त्याच्या काकांची भातशेती खरोखरच त्या जागी होती हे मला नंतर कळलं, तेव्हा विचारावं असं वाटलं, पण त्याने विषय काढू दिला नाही.

त्या पेजवर रोज तीच माणसं यायची. एकमेकांची तोंडं बघितलेली नाहीत, पण कुणी दोन दिवस दिसलं नाही तर विचारपूस व्हायची. नवा व्हिडिओ पडला की खाली पहिला प्रश्न, "पिन्या आला का?" एकदा त्यांच्यातल्या एकाच्या वडिलांचं ऑपरेशन होतं आणि रक्त हवं होतं. संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलच्या दाराशी ही मोठी गर्दी. एकमेकांना ओळख करून देताहेत, "मी कोळंबी किंग," "मी उपाशी बोका," आणि तिथली नर्स कपाळाला हात लावून बसलेली. पिन्याही रक्त देऊन आला. मला त्या दिवशी त्याचा आणि त्या सगळ्या अनोळखी लोकांचा फार अभिमान वाटला होता. तो अभिमान खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही, म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

एक दिवस पेजवर एका हळदीचा व्हिडिओ आला. पिवळ्या साडीतली एक जाडजूड मुलगी मैत्रिणीच्या हळदीत नाचत होती. मस्त नाचत होती, अगदी भान हरपून. पिन्याने लिहिलं, "मंडपवाल्याने डिपॉझिट वाढवून घ्यावं."

आम्ही हसलो. सगळेच हसले. पेजवाल्यांनी ती ओळ सगळ्यात वर लावली. मग त्या ओळीखाली जो तो आपापली ओळ घेऊन आला, आणि ते सगळे काही पिन्याइतके हुशार नव्हते. हुशारी संपली की माणसं घाणीवर येतात. रात्रीपर्यंत तिथे जे काय साचलं होतं ते मी पुढे वाचू शकले नाही. पिन्याला म्हटलं, तर तो म्हणाला, "मी कुठं वंगाल लिवलंय?" त्याचं खरंच होतं. त्याने फक्त दार उघडून दिलं होतं.

मला ह्यात खटकतं ते वेगळंच. पिन्याच्या गावात अनोळखी मुलगी दारात उभी राहिली तर म्हातारी माणसं पहिल्यांदा विचारतात, "कोनाची गो तू?" मी पहिल्यांदा गेले तेव्हा मलाही विचारलं होतं. मी घाटावरची, तरी त्यांनी माझ्या आत्याच्या सासरवरून कुठलंतरी नातं जुळवलंच. नातं निघालं की मग बोलण्याला आपोआप लगाम बसतो. त्याच गावात वाढलेला हा मुलगा, पण पेजवर दिवसाला पन्नास माणसांवर ओळी टाकायचा आणि एकदाही त्याला विचारावंसं वाटलं नाही की ही कोणाची.

ती कोणाची ते पुढच्या हिवाळ्यात कळलं. पिन्याच्या मोठ्या भावासाठी चिरनेरकडची एक मुलगी बघायला घरचे सगळे गेले. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या पायऱ्यांवर पिन्या माझ्या शेजारी येऊन बसला. चेहरा उतरलेला. "तीच हाय," म्हणाला. मला आधी कळेना. "डिपॉझिटवाली. च्या घेऊन आली ना, तवाच वलखली मी." मुलगी सगळ्यांना पसंत पडली होती आणि भावाला तर फारच. भाऊ म्हणजे पिन्याचं दैवत, वडिलांमागे ह्याचं शिक्षण त्यानेच केलेलं. मी म्हटलं, "आधी ती कमेंट काढून टाक." "कवाच काढली," तो म्हणाला, "पन लोकांकरं त्या कमेंटचे फोटू हायेत ना."

लग्न ठरलं. आगरी घरातली हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, सगळं गाव लोटतं. नवऱ्याला लावलेली हळद नवरीकडे पोचवायची असते, तिला उष्टी हळद म्हणतात. धाकटा भाऊ म्हणून ती वाटी पिन्याच्या हातात आली. बायकांबरोबर मीही गाडीत बसले. नवरीच्या मांडवात बेंजो जोरात चालला होता, आजूबाजूच्या म्हाताऱ्यासुद्धा नाचत होत्या, आणि नवरी पाटावर खाली बघत बसलेली. मैत्रिणी ओढत होत्या, ती उठत नव्हती. तिची आई आमच्यापाशी येऊन अजिजीने सांगू लागली, "रागावू नका हां. आदी लय नाचायची. कोनीतरी मोबाईलवर कायबाय लिवलं, तवाशी नाय नाचत. गावची पोरं अजून डिपॉझिट म्हनून हाक मारतात तिला." पिन्या वाटी धरून उभा होता. आईने त्याला म्हटलं, "तुमी सांगा ना, तुमचा ऐकंल." पिन्याने वाटी माझ्या हातात दिली आणि गाडीत जाऊन बसला.

त्यानंतर तो पेजवर दिसला नाही. महिनाभर लोक "पिन्या कुठंय?" विचारत राहिले. मग कुणीतरी तो अपघातात गेला अशी आवई उठवली. झालं, फुलं वाहिली, हात जोडले, त्याच्या जुन्या ओळी शोधून श्रद्धांजल्या सुरू झाल्या. मंडपवाल्याची ओळही कुणीतरी आठवणीने टाकली आणि खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. मी त्याला म्हटलं, "अरे, जिवंत आहेस म्हणून सांग तरी." तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. बरा झाला." कॅन्टीनमध्येही तो गप्प झाला होता. आम्ही त्याला खूप खोदून बघितलं, चिडवलं, पण पिन मारणारा पिन्या परत आला नाही. मला त्याची फार आठवण यायची, तो समोर बसलेला असतानासुद्धा.

घरात वहिनी तर चांगली. उठून त्याचा डबा करायची, तोही तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, त्याला आवडते म्हणून. कपड्याचं बटण तुटलेलं त्याच्याआधी तिला दिसायचं. भाऊ खूश, आई खूश. हा मात्र डबा आमच्यापुढे सरकवायचा. "सांगून टाक एकदाचं," मी म्हणायचे. "दादाचा घर मोडंल गो," एवढंच त्याचं उत्तर. त्यातलं किती भावासाठी होतं आणि किती स्वतःच्या भीतीपोटी, ते त्यालाही माहीत नसावं.

शेवटी त्याने सांगितलं ते गौरीच्या दिवसांत. मी जेवायला आणि मुक्कामाला गेले होते. वहिनी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती, मी पाटावर बसले होते, भाऊ बाहेर मखराशी. पिन्या दारात येऊन उभा राहिला आणि सांगायला लागला. सगळं सांगितलं, व्हिडिओ, ती ओळ, चहा, हळदीची वाटी. मध्येच अडखळला, पुन्हा मागे गेला, तेच तेच दोनदा बोलला. वहिनीचे हात थांबले नाहीत.

"मना म्हायती हाय, भावजी," ती म्हणाली.

"कवापासून?" पिन्याने विचारलं.

"साखरपुड्याच्या आदीच. तुमच्या दादानीच पेज दाखवलेलं. आमचा पिन्या लय फेमस हाय, असा बोललं. त्यांना ती ओळ म्हायती नव्हती. मना होती."

"मंग लग्नाला हो कशाला बोललीव?"

"तुमच्या दादाला हो बोलले," तिने भाकरी तव्यावर टाकली. "तुमाला नाय."

तिचा आवाज चढला नव्हता. मला वाटलं, ती रडली असती किंवा त्याला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पिन्यालाही तसंच वाटत असणार, कारण तो बराच वेळ तिथेच उभा होता. मग तिने त्याला ताट दिलं आणि तो जेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गौरी विसर्जनाला निघायच्या आधी अंगणात बायकांचा फेर धरायचं ठरलं. सासूने वहिनीला हाक मारली. ती पदर खोचून बाहेर आली आणि म्हणाली, "सगल्यांनी मोबाईल आत ठेवा. मंग नाचते." बायका हसल्या, कुरकुरल्या, पण टोपली फिरली. टोपली पिन्याच फिरवत होता. सगळ्यांचे मोबाईल जमल्यावर तोही फेराच्या कडेला उभा राहायला आला. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. "तुमी पन आत, भावजी."

तो टोपली घेऊन आत गेला आणि तिने दार ओढून घेतलं. मग ती नाचली. मी तो व्हिडिओ पाहिला होता, पण ते काहीच नव्हतं. म्हातारी सासूसुद्धा फेर सोडून बघत उभी राहिली. भाऊ ओटीवर उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि त्याला वाटत होतं की बायको आज गौरीसाठी नाचतेय.

मी पाणी प्यायला आत गेले. पिन्या भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता, मांडीवर टोपली. त्याने विचारलं, "कशी नाचते गो?" मी म्हटलं, "खिडकीतून बघ की."

"नाय," तो म्हणाला. "तिनी बोलवला पायजे."

ह्या वर्षी मी पुन्हा गेले होते. वहिनी नाचली, आणि तो आतच होता.